आईच्या विसाव्याविषयी

काही वर्षांपूर्वी, आषाढाच्या अखेरीस, लाखनी व साकोली यांच्या मधल्या पट्ट्यातील एका लहान मंडळीत आम्ही रविवारची उपासना चालविण्यास गेलो होतो. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बांध्यांत पाणी भरलेले, पऱ्हे उपटून तयार, आणि मजुरीस जाणाऱ्या बायांस पहाटेपासून अंधार पडेपर्यंत कंबर सरळ करण्याची सवड नाही. असे असताही तीस-पस्तीस माणसे उपासनेस आली होती. मागच्या बाजूस दाराजवळ एक बाई मांडीवर मोठे मूल घेऊन बसली होती. मुलगा बारा वर्षांचा. जन्मापासून हातपाय ताठ, मान ठरत नाही, बोलता येत नाही, व अधूनमधून झटके येतात. डॉक्टर या दुखण्यास मेंदूचा पक्षाघात म्हणतात. बाई विधवा नव्हे. परंतु नवरा वर्षातले आठ महिने नागपुराकडे बांधकामावर असतो, तेव्हा घरी ती, तो मुलगा व त्याची थोरली बहीण एवढीच माणसे.

त्या दिवशी आमचा विषय सहनशीलता हा होता. बोलता बोलता आम्ही त्या बाईकडे बोट दाखविले व म्हणालो की, सहनशीलता कशास म्हणतात हे पुस्तकात शोधण्याचे कारण नाही, ती आपल्या मंडळीत दाराजवळ बसलेली आहे. सर्वांनी माना वळवून तिच्याकडे पाहिले. दोन वृद्ध स्त्रियांनी डोळ्यांस पदर लावला. आम्हांस वाटले, आजचा उपदेश चांगला झाला.

उपासना आटोपल्यावर लोक पांगले, पण ती बसूनच राहिली. जवळ गेलो तेव्हा ती म्हणाली, "तारीफ नाई पायजे जी मले. चार रोज याले धरनारा मानूस पायजे." मग हळूहळू कळले ते असे. तिला स्त्रियांचे एक दुखणे होते व भंडाऱ्यास डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती. त्यानंतर सहा आठवडे जड उचलावयाचे नाही, अशीही ताकीद होती. मुलाचे वजन बावीस किलो. दिवसातून वीस वेळा त्यास उचलावे लागे. या एका कारणास्तव तिने दोन पावसाळे ती शस्त्रक्रिया पुढे ढकलली होती, आणि त्याच अंगाने रोवणीही करीत होती. ही गोष्ट त्या तीस-पस्तीस जणांपैकी एकासही ठाऊक नव्हती. आम्हांसही नव्हती, आणि तरी आम्ही तिच्या सहनशीलतेवर पाऊण तास बोललो होतो.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे, तो वाचकांपुढे मांडतो. अशा आईस विसावा देणे ही आपली मेहेरबानी होय, की ते आपल्यावरचे तिचे देणे होय? आणि ज्या आईने थोडे दिवस मूल दुसऱ्याच्या हाती दिले, तिची माया उणी पडली असे म्हणावयाचे काय?

विसावा हा शब्द आपण कोठे वापरतो ते पाहा. गावात कोणी मेला म्हणजे तिरडी घरून उचलतात, आणि स्मशानाच्या वाटेवर एका ठरलेल्या जागी ती खाली ठेवितात. त्या जागेस विसावा म्हणतात. तेथे खांदेकरी बदलतात. पुढचे मागे, मागचे पुढे, आणि नवे चौघे येऊन खांदा देतात. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतही शवपेटी नेताना वाटेत खांदे बदलतातच. एकानेच घरापासून कबरेपर्यंत न्यावे असे कोणी म्हणत नाही, आणि जो बाजूस होऊन श्वास घेतो त्याचे मृतावर प्रेम नव्हते असेही कोणी म्हणत नाही. मेलेल्याचा भार अर्धा कोस नेण्यासाठी सारा गाव पाळी लावितो. जिवंत लेकरू बारा वर्षे एकटी बाई उचलीत आहे, तिच्या वाटेवर मात्र विसाव्याची जागा कोणी नेमलेली नाही. वाटेच्या कडेस उभे राहून तिची वाहवा तेवढी केली जाते. आमच्या उपदेशाने त्या रविवारी दुसरे काय केले?

आता अशी आई स्वतः का मागत नाही, हे समजून घेतले पाहिजे. एक तर तिला लहानपणापासून ऐकविलेले असते की, असे मूल पोटी येते ते कोणाच्या तरी पापाने. ग्रहणात विळी हाती घेतली असेल, कोणाचा तळतळाट घेतला असेल, मागल्या जन्मीचे काही असेल. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीही हाच प्रश्न विचारला होता, व प्रभूने तो मुळातच नाकारला, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. वाचतो खरे, पण मंडळीतल्या किती घरांत ते मुरले आहे? ज्या बाईस वाटते की हा माझ्या अपराधाचा दंड आहे, ती दंडात सूट कशी मागेल? दुसरे असे की, थकणे म्हणजे प्रेम आटणे, अशी तिची समजूत करून दिलेली असते. आम्हां उपदेशकांचा त्यात मोठा वाटा आहे.

पण शास्त्र थकलेल्यांविषयी काय दाखविते? अमालेक्यांशी लढाई चालली असता मोशेचे हात जड झाले. त्याचा विश्वास कमी पडला असे तेथे म्हटलेले नाही. अहरोन व हूर यांनी प्रथम त्याच्या बुडाखाली धोंडा आणून ठेविला, मग एकाने एक हात व दुसऱ्याने दुसरा हात धरला, आणि हे सूर्य मावळेपर्यंत चालले. मोशेचे काम त्यांनी हिरावून घेतले नाही. त्याच्या हातांस आधार दिला. एलीया रतामाच्या झाडाखाली मरण मागून झोपी गेला, तेव्हा दूताने त्यास दोन वेळा उठवून भाकर व पाणी दिले. आज्ञा, प्रश्न, पुढची कामगिरी, हे सर्व त्यानंतर. आधी झोप आणि भाकर. ही ओळ किती वेळा आमच्या डोळ्यांखालून गेली असेल, पण त्या बाईने टोकल्यावाचून तिचा अर्थ आम्हांस लागला नाही.

आणखी एक गोष्ट शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. शौल व योनाथान पडल्याची वार्ता आली तेव्हा योनाथानाच्या पाच वर्षांच्या मुलास घेऊन त्याची दाई पळाली. ती घाईत असता मूल पडले व दोन्ही पायांनी लंगडे झाले. पुढे दावीदाने मफीबोशेथास आपल्या पंक्तीस बसविले, यावर उपदेश पुष्कळ होतात. त्या दाईविषयी कोणी बोलत नाही. ती निष्काळजी नव्हती. एकटी होती व भ्यालेली होती. तिच्याबरोबर आणखी एक बाई असती तर?

रोवणीच्या दिवसांत आम्ही घरोघर जातो तेव्हा जे पाहिले आहे ते येथे लिहितो, कारण ते लपवून उपयोग नाही. आईबाप बांधीवर गेलेले; घरात अशा मुलास लुगड्याच्या पट्टीने खाटेच्या पायाशी बांधून ठेविलेले, जवळ पाण्याचा गंज. प्रथम पाहिले तेव्हा आमच्या तोंडून कठोर शब्द गेला. मागून विचार केला, दोरी नसती तर मूल चुलीत किंवा विहिरीत गेले असते. आणि मजुरी बुडविली असती तर त्याच्याच औषधास पैसा नसता. ज्या गावात त्या आईस दुसरा हात मिळत नाही, त्या गावाने त्या गाठीचे एक टोक धरलेले आहे, असे आम्ही समजतो.

जेथे दोरी नसते तेथे बहुधा थोरली बहीण असते. वर सांगितलेल्या घरची मुलगी सातवीत होती. हजेरीपटावर तिचे नाव होते, पण रोवणीत, कापणीत, मोहफुलांच्या दिवसांत आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात ती शाळेत नसे. म्हणजे त्या आईस थोडाबहुत विसावा मिळतच होता. मात्र त्याची किंमत एक मुलगी आपल्या शिक्षणातून भरीत होती, आणि तिची तारीफ करण्याचे तर आम्हांसही सुचले नव्हते.

असो. त्या बाईचे पुढे काय झाले ते सांगतो. तीन स्त्रिया तयार झाल्या, एक आमची पाळकबाई, आणि एक म्हातारे गृहस्थ, जे पूर्वी शाळेत शिपाई होते. आम्हांस वाटले, इतकी माणसे मिळाली की काम झाले. बाई म्हणाली, नाही. आधी आठ दिवस येऊन बसा आणि पाहा. हे तिचे म्हणणे किती शहाणपणाचे होते ते तिसऱ्याच दिवशी कळले. एका मावशीने मायेच्या भरात मुलास निजल्या निजल्या पातळ पेज पाजली. ती श्वासात गेली, मूल निळे पडू लागले, आणि आईने झडप घालून त्यास पुढे वाकवून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा सावरले. मावशी थरथर कापत होती. तिने नंतर पाऊल मागे घेतले नाही, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहो.

त्या आठ दिवसांत आम्ही जे शिकलो ते कोणत्याही पाठशाळेत शिकलो नव्हतो. अशा मुलास भरविताना ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान व घट्टसर असावा, पहिला गिळल्याची खूण दिसल्यावाचून दुसरा देऊ नये, आणि खाणे झाल्यावर अर्धा तास तरी आडवे करू नये. दर दोन तासांनी कूस बदलावी, नाहीतर हाडाच्या जागी कातडी सडते. झटका आला तर कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काहीही घालू नये, हात दाबून धरू नये, आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांपलीकडे चालला तर १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. झटक्याच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत. हे ज्ञान त्या अक्षरशत्रू बाईजवळ होते. बारा वर्षे ती आमच्या मंडळीत मागच्या बाजूस बसत होती, आणि आम्ही तिला दया करण्याजोगी समजत होतो.

मुलाचीही एक भाषा होती. उजव्या डोळ्याची पापणी दोनदा मिटली म्हणजे तहान. भुवया आवळल्या म्हणजे पोटात कळ. आणि सुपात धान पाखडण्याचा आवाज आला की तो हसे. पहिल्या रात्री, आई भंडाऱ्यास गेली असता, तो दोन तास रडला. कोणास काही सुचेना. शेवटी त्या म्हाताऱ्या शिपायाने कोनाड्यातले सूप काढले आणि मूठभर तांदूळ घेऊन अर्ध्या रात्री पाखडीत बसला.

येथे एक हिशेबाची गोष्ट आहे. त्या तिघी स्त्रिया मजुरीवर जगणाऱ्या. रोवणीचा दिवस बुडविणे म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीतून दिवस वजा करणे. काही वडील मंडळी म्हणाली की, देवाचे काम आहे, त्याची मजुरी कशी घ्यावी? आम्ही त्यांच्याशी सहमत झालो नाही. ज्यांच्या घरी दोन कोठ्या धान आहे त्यांनी सेवा फुकट असावी असे म्हणणे सोपे असते. सुगीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी मंडळीत जे धान येते त्यातून त्या स्त्रियांची बुडालेली मजुरी भरून द्यावी असे ठरले. एकीने घेतली नाही, दोघींनी घेतली, आणि घेणारीची सेवा न घेणारीहून कमी होती असे आम्हांस दिसले नाही.

हा विचार केवळ आमच्या डोक्यातून निघालेला नाही. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे १९८२ साली हेलन हाउस नावाचे घर उघडले. असाध्य आजारी मुलांसाठी जगातले पहिले विसाव्याचे घर तेच, असे म्हणतात. त्याचे मूळ इतकेच की, एका मठातील जोगिणीची एका आजारी मुलीच्या आईबापांशी मैत्री होती, आणि त्यांना झोप मिळावी म्हणून ती त्या मुलीस मधूनमधून थोडे दिवस आपल्याकडे ठेवून घेई. आधी मैत्री, मग इमारत. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात गेल्या शतकाच्या अखेरीपासून गावातील सामान्य माणसे थोडे शिक्षण घेऊन अंथरुणास खिळलेल्या शेजाऱ्यांची शुश्रूषा करू लागली, व ते काम त्या राज्यभर पसरले.

आपल्या देशात कायदाही आहे. १९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला, तो स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी. त्याच न्यासाने 'समर्थ' नावाची योजना अशांच्या अल्पकाळच्या निवासी सांभाळासाठी काढली, आणि 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा ठेविला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'काळजीवाहक' या शब्दाची व्याख्या केली; तीत पगार घेणारा न घेणारा दोघेही येतात, आणि आईबापांचे नावही स्पष्ट आहे. मोठ्या आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही त्यात उल्लेख आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतील स्त्रीस मुलांच्या संगोपनासाठी साऱ्या नोकरीत ७३० दिवसांची रजा मिळू शकते, व मूल दिव्यांग असल्यास त्याच्या वयाची अट नाही. हे योग्यच आहे. पण रोवणी करणाऱ्या बाईची रजा कोण मंजूर करणार? २०११ च्या शिरगणतीत आपल्या एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग मोजले गेले. त्यांना सांभाळणारी माणसे कोणी मोजली नाहीत. आता 'अपंग' म्हणावयाचे नाही, 'दिव्यांग' म्हणावयाचे असे ठरले आहे. आमची हरकत नाही, परंतु शब्द बदलल्याने त्या मुलाचे वजन बावीस किलोच राहिले.

काही वाचक म्हणतील, असे मूल संस्थेत ठेविले म्हणजे प्रश्न मिटला. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे श्री. शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांस आपले आडनाव देऊन वाढविले. सरकारने २०२४ साली त्यांस पद्मश्री दिली. ज्यांस कोणीच नाही त्यांस असे घर मिळणे हे मोठेच पुण्य. परंतु ज्यास आई आहे त्या मुलास आई सोडावयास लावणे निराळे. आम्हांस पुष्कळदा वाटते, आईची एकटीची मांडी आणि रेल्वेचा फलाट यांच्या मधे काहीच जागा नसणे, हेच कित्येक मुलांच्या वाट्याला आले असेल. टाकणे आणि विसावा यांत भेद एका गोष्टीचा आहे: विसाव्यात परतण्याचा दिवस आधी ठरलेला असतो आणि तो पाळला जातो. मुलासही तो सांगावा. त्यास कळत नाही असे समजून सांगण्याचे टाळू नये.

उपदेशक बंधूंस आणखी एक सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. जे मूल बोलू शकत नाही, त्यास कोणी दुखविले तर तेही ते सांगू शकत नाही. म्हणून असे मूल कोणाही एकट्या माणसाच्या स्वाधीन करू नये. दोघे असावेत, दार उघडे असावे, आणि आईने केव्हाही न कळविता आत यावे. आम्हांस, पाळकांसही, हाच नियम. यात कोणाचा अपमान नाही. ज्यास अपमान वाटेल त्यास पाळीवर घेऊ नये. आणि मदत चालली असताना कोणी त्या घरात उपदेश करू नये, छायाचित्र काढू नये.

बाईची शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे पाळ्या चालल्या. एकदोनदा चुकल्या, त्यातली एक आमची होती. ती बरी झाल्यावरही महिन्यातून दोन दिवस पाळी ठेवावी असे ठरले. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. त्या वर्षी ती मुलीस घेऊन शेजारच्या गावच्या मंडईस गेली. मुलगी म्हणाली, आईने दुपारी एका झाडाखाली पदर टाकला आणि दिवे लागेपर्यंत झोपली. मंडई काही पाहिली नाही.

रात्री ती परतली तेव्हा मुलगा मावशीच्या मांडीवर होता. त्याने आईकडे पाहिले आणि तोंड फिरविले. मग थोड्या वेळाने पुन्हा वळविले. ती पाळकबाईस म्हणाली की, तो रडला असता तर बरे वाटले असते. तो माझ्यावाचून राहू शकतो हे आज कळले, आणि छातीत कसेसे झाले. आम्ही पूर्वी विसाव्याविषयी जे काही विचार केले होते त्यात ही गोष्ट नव्हती. बारा वर्षे ज्या एका खात्रीवर ती उभी होती, तीच आम्ही नकळत काढून घेतली होती काय? पाळकबाईने तिला काही सांगितले नाही; ती रात्रभर तिच्याकडेच राहिली. सकाळी बाई म्हणाली, पाळी बंद करू नका जी.

मुलगा आता चौदा वर्षांचा आहे व त्याचे वजन अठ्ठावीस किलो झाले आहे. थोरली बहीण नववीत जाते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्याचा कायदेशीर पालक नेमावा लागेल, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज असतो, तो आम्ही आणून ठेविला आहे. परवा बाईने तो कागद हाती घेऊन पाहिला, आणि पालकाच्या नावाची रिकामी जागा कोणती ते विचारले. आम्ही बोट ठेवून दाखविली. तिने ती जागा बराच वेळ पाहिली व कागद परत देऊन चुलीकडे गेली, कारण मुलाच्या औषधाची वेळ झाली होती.